गंजात उकळलेला जंग काळा होत नाही, तेव्हा

आमच्या अकोट तालुक्यात गंज म्हणजे पातेलं. वरणाचा गंज, दुधाचा गंज. लोखंडावर चढतो त्याला आम्ही जंग म्हणतो. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी हे आधीच ध्यानात घ्यावं, नाहीतर पुढे घोळ होईल. कारण या कामात लोखंडावर मुद्दाम जंग आणायचा आणि तो गंजात उकळून काळा करायचा, हाच सगळा खेळ आहे.

याला रस्ट ब्ल्यूइंग म्हणतात. जुन्या चांगल्या बंदुकीच्या नळीवर तो खोल, मऊ, जरासा निळसर काळा रंग दिसतो ना, तो असा आणलेला असतो. तरुणपणी मी नागपुरात एका परवानाधारक बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात नऊ वर्षं होतो, तिथे उस्तादांच्या हाताखाली हे शिकलो. आता गावाकडे शेती आणि गोठ्याला लागून एक छोटं वर्कशॉप. बंदुकीला आता हात लावत नाही, का ते पुढे येईलच. अडकित्ते, पटाश्या, रंध्याची पाती, कुऱ्हाडी, आजोबांच्या वेळचे पाने, असलं काम करतो.

तर तक्रार अशी. तिसऱ्या हातापर्यंत, म्हणजे जंग आणून उकळायच्या तिसऱ्या फेरीपर्यंत, सगळं ठीक. चौथ्या-पाचव्या हाताला काळा रंग भरायला लागतो, पण वस्तू गंजातून काढून वाळली की अंगावर राखेसारखा पांढुरका ओघळ आणि मोहरीएवढे फिकट ठिपके. घासले तर निघतात, पण खाली करडा डाग ठेवून जातात. सगळं उरकून, तेल लावून वस्तू फळीवर ठेवली की आठ-दहा दिवसांनी नेमका त्याच ठिपक्यांतून विटकरी जंग बाहेर डोकावतो. नागपुरात नऊ वर्षांत हे एकदाही पाहिलं नव्हतं. गावात आल्यावर पहिली दोन वर्षं दर दुसऱ्या वस्तूला हेच. हाताला मदतीला भाचा असतो, तो दर वेळी वस्तू उजेडात धरायचा आणि म्हणायचा, "मामा, पुन्हा तसंच झालं पाहा. काहून होते असं?"

काहून होते ते सापडायला मला दोन वर्षं लागली. तुमची लागू नयेत म्हणून लिहितो.

आधी काम काय आहे ते दोन शब्दांत. लोखंड घासून, तेलकटपणा काढून, जंग आणणाऱ्या द्रावणाचा अगदी पातळ हात मारायचा. ओलसर, उबदार जागेत ठेवायचं. काही तासांत अंगावर बारीक लालसर लव येते. मग पंधरा-वीस मिनिटं खळखळत्या पाण्यात. लाल जंग म्हणजे पाणी धरून बसलेला लोहाचा ऑक्साइड. उकळत्या पाण्यात त्याचा मॅग्नेटाइट होतो, तोच तो लोहचुंबकाच्या दगडातला काळा ऑक्साइड. बाहेर काढल्यावर वस्तू काजळी माखल्यासारखी दिसते. वरची सुटी काजळी बारीक स्टील वूलने, म्हणजे लोखंडाच्या बारीक तारांच्या लोकरीसारख्या बोळ्याने, हलक्या हाताने उतरवायची, खाली चिकटलेला पातळ काळा थर राहतो. हे एक हात. असे पाच ते आठ हात, कधी दहा. एका हाताने काळं होईल अशी आशा धरणाऱ्याने ऑइल पेंट लावावा.

संशय कोणाकोणावर घेतला

या कामात काहीही बिघडलं की आधी तेलाला पकडायचं, ही उस्तादांची शिकवण. म्हणून पहिला संशय तेलावर. धुतलेल्या वस्तूवर पाणी सोडून पाहिलं. तेल नसेल तर पाण्याची अखंड चादर पसरते, असेल तर चादर फाटते आणि थेंब गोळा होतात. चादर अखंड होती. तरी खात्रीसाठी पानाच्या डब्यातला भिजवलेला चुना ओल्या चिंधीवर घेऊन सगळं अंग घासलं. हा जुन्या कारागिरांचा उपाय आहे आणि महागड्या डिग्रीझरपेक्षा मला अजूनही जास्त भरवशाचा वाटतो. चुना बोअरच्या पाण्याने धुतला. हे वाक्य लक्षात ठेवा.

एकदा तेलाचा चोर खरंच सापडला, पण तो वेगळा. लांब पटाश्यांसाठी मोठा गंज हवा होता म्हणून शेजारच्या लग्नातला आणला. घासून चकचकीत होता. पाणी तापलं तसा वर इंद्रधनुष्यासारखा तवंग आला, चमच्याच्या टोकाएवढाच. पाण्याखाली पटाशी चांगली काळी होत होती, पण बाहेर काढताना त्या तवंगातूनच वर आली आणि अंगभर तेलाचा पडदा घेऊन आली. पुढच्या हाताचं द्रावण तिच्यावर कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखं फिरलं. तेव्हापासून या कामाचा स्टीलचा गंज वेगळा, त्यात दुसरं काही शिजत नाही. ॲल्युमिनियमचा किंवा तांब्या-पितळेचा घेऊ नका, जस्ताची बादली तर नाहीच. पण तवंगाने ठिपके येत नाहीत, मोठाले कोरे भाग राहतात. म्हणजे माझा चोर हा नव्हता.

दुसरा संशय हवेवर. आणि वऱ्हाडात हवेवर संशय घेणं रास्तच आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, दुपारी हवा अशी कोरडी की ओला टॉवेल दहा मिनिटांत पापडासारखा. अशा हवेत द्रावण लावलं की जंग येण्याआधीच वाळून जातं. सकाळी लावलं, दुसऱ्या सकाळी पाहिलं तरी लोखंड जवळपास तसंच. आणि श्रावणात उलट. तीन-चार तासांत इतका जंग चढतो की रात्रभर ठेवलं तर खड्डे पडतात. नागपूरच्या दुकानात उस्तादांची लाकडी पेटी होती, तळाला बल्ब, बल्बशेजारी पाण्याची थाळी. मी तसलीच पेटी जुन्या कोठीच्या फळ्यांची केली. आत चाळीस वॅटचा बल्ब, थाळीत ओलं पोतं, भिंतीला स्वस्तातला हवेची ओल दाखवणारा काटा. ओल सत्तर-ऐंशी टक्के आणि ऊब तीस-पस्तीस अंश ठेवली की बाहेर वैशाख असो की श्रावण, पेटीत एकच ऋतू. ओल त्याहून वाढली तर झाकणाला थेंब धरतात आणि खाली टपकतात. जिथे थेंब पडला तिथे गोल खड्डा ठरलेला.

पेटी येण्याआधी एका उन्हाळ्यात मी अक्कल चालवून वस्तू कूलरसमोर टांगल्या होत्या. ओल मिळाली, जंग छान आला, आणि ठिपके दुपटीने आले. खरं तर उत्तर तिथेच समोर होतं. मी कूलरच्या जाळीकडे पाहिलंसुद्धा, जाळीवर पांढरी बुरशी चढल्यासारखे क्षाराचे थर होते. पाहिलं आणि विसरलो.

तिसरा संशय द्रावणावर, चौथा स्टील वूलवर. द्रावण बदललं, फरक नाही. स्टील वूलला कारखान्यातून तेल लावून येतं हे खरं, ते ॲसिटोनमध्ये बुडवून वाळवल्याशिवाय वापरू नये हेही खरं. मी तसं करतच होतो. भांडी घासायच्या तारेच्या घासणीचा मोह पडतो काहींना, ती राठ असते, रंगच खरवडून नेते.

डाळ न शिजणारं पाणी

एका संध्याकाळी पाचव्या हाताचा अडकित्ता घेऊन मी ओट्यावर कपाळाला हात लावून बसलो होतो. सौ. आतून म्हणाली, "अहो, ह्या पान्यात तुरीची दाळ शिजत नाई, तुमचं लोखंड काय शिजन!"

आता वाचताना हसू येईल, पण तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. आमचा सगळा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय, जमिनीखालचं पाणी खारट. पिण्याला धरणाचं नळाचं पाणी येतं, ते काही दिवसांआड, म्हणून ते हंड्यांत जपून भरलेलं असतं. त्यात लोखंड उकळायला कोण देणार? वर्कशॉपला बोअर. नागपूरच्या दुकानात नळाला कन्हान-पेंचचं गोडं पाणी होतं. उस्तादांनी मला तेल, ॲसिड, हाताचा दाब, पेटीची ओल, सगळं शिकवलं, पाण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांना कधी काढायची वेळच आली नाही.

दुसऱ्या दिवशी आरओच्या जारवाल्याकडून टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, मागून आणलं. बोअरचं पाणी लिटरला २१४० मिलिग्रॅम. जारचं ७०. बॅटरीच्या दुकानातून पाच लिटरचा डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणला होता, तो २. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक ५०० पर्यंत चांगलं मानतं, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. आमचं बोअर त्याही पलीकडे.

तरी मीटरवर विश्वास ठेवून गप्प बसणारा मी नव्हे. एकाच पट्टीचे तीन तुकडे कापले, एकाच कागदाने घासले, एकाच वेळी एकाच बाटलीतलं द्रावण लावलं, एकाच पेटीत ठेवले. एक बोअरच्या पाण्यात उकळला, एक जारच्या, एक बॅटरीच्या पाण्यात. भाच्याने मागे खिळ्याने एक-दोन-तीन कोरलं होतं. पहिल्या हाताला तिघे सख्खे भाऊ वाटत होते. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला बोअरवाल्याच्या कडेला जरा पांढुरकं. पाचव्या हाताला त्याच्यावर तेच ओळखीचे मोहरीचे ठिपके, आणि बाकीचे दोघे स्वच्छ. जारचा किंचित राखाडीकडे झुकलेला, बॅटरीच्या पाण्याचा मात्र पावसाळी ढगासारखा निळसर काळा. तेल लावून तिन्ही खिडकीत ठेवले. बोअरवाल्याला नवव्या दिवशी जंग फुटला.

एक गोष्ट तरी उरत होती. पाणी पहिल्यापासून खारट, मग पहिले तीन हात बरे का जातात? उत्तर चुलीपाशीच सापडलं. उकळताना पाणी उडून जातं, क्षार उडत नाहीत. दर हाताला मी तेच पाणी वापरायचो, कमी झालं की त्याच बोअरची बादली वरून ओतायचो. पाचव्या हातापर्यंत गंजात पाणी कमी आणि मीठ जास्त. त्या पाण्यावर मीटर धरलं तर आकडा सुरुवातीच्या कितीतरी पुढे. चौथ्या हातालाच रड का सुरू व्हायची, याचा उलगडा झाला.

पांढुरका ओघळ हा पाण्यातल्या कॅल्शियमचा. उकळल्यावर तो कार्बोनेट होऊन बसतो, चहाच्या पातेल्याच्या तळाला बसतो तसाच. तो नुसता दिसायला वाईट. खरा खलनायक मिठातला क्लोराइड. जंगाच्या थराला बारीक छिद्रं असतात, उकळण्याचा एक उपयोग असा की द्रावणातला क्लोराइड त्या छिद्रांतून धुऊन निघतो. मी धुवायला जे पाणी घेत होतो तेच खारट, म्हणजे चिखलाचा पाय चिखलाने धुणं. आत राहिलेला क्लोराइड हवेतली ओल ओढतो, लोखंड खातो, खाऊन स्वतः संपत नाही, मोकळा होऊन पुढचं खायला लागतो. वरून तेल लावलं काय नि न लावलं काय.

आता मी काय करतो

शेवटची प्रत्येक धुणी आणि प्रत्येक उकळी गोड्या पाण्यात. चुना धुणं, ॲसिड धुणं, सगळं. बोअरचं पाणी फक्त हात धुवायला. पहिले दोन-तीन हात जारच्या पाण्यात चालतात, पुढचे बॅटरीच्या. दुकानदाराला नीट सांगून घ्या: बॅटरीचं पाणी हवंय, बॅटरीचं ॲसिड नव्हे. दोन्ही कॅन शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि एकदा माझ्या हातात चुकीचा आला होता. वजनावरून ओळखला, ॲसिडचा कॅन त्याच मापाला जड लागतो.

पाणी दर दोन हातांनी बदलायचं, वरून भर टाकत राहायचं नाही. अडकित्त्यासारख्या वस्तूला तीन लिटर पुरतं, खर्च फार नाही. लांब वस्तूला उभा गंज मिळत नसेल तर वेल्डरकडून स्टीलच्या पत्र्याचं लांबट कुंड करून घ्या.

पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम आणि फुकट. पण टिनाच्या छपरावरचं नको, त्याला जस्त आणि धूळ. दोन-तीन पाऊस होऊन गेले की अंगणात चार खांबांना स्वच्छ प्लास्टिक ताणून मधल्या झोळीतून ड्रम भरून घ्यायचा. माझ्या ड्रमचं मीटर १२ ते १५ दाखवतं.

खळखळ खरी हवी. आमच्याकडे पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, पेटवायची सवय. पऱ्हाटी भसकन पेटते, भसकन विझते. जाळ चढला की पाणी उसळतं, उतरला की नुसतं वाफाळतं, आणि त्यात गार लोखंड टाकलं की उकळीच मोडते. उकळी मोडली तर जंग अर्धवट राहतो, काळ्याऐवजी चॉकलेटी दिसतो. आता गॅसची शेगडी, आणि वीस मिनिटं मोजायची ती उकळी परत आल्यावर. तुमचा रंग ठिपक्यांचा नसून सगळीकडे सारखाच तपकिरी असेल तर पाण्याला दोष देऊ नका, आधी उकळी पाहा.

द्रावणाचा हात कोरडा. कापसाचा बोळा बुडवून पिळायचा, मग पुन्हा पिळायचा. पानावर चुना लावतो त्याहून कमी. एक सरळ ओढ, ओल्यावर दुसरी ओढ नाही. ओघळ दिसला म्हणजे जास्त झालं. गुळगुळीतपणाचं उलटंच होतं: लोक आरसा करायला बघतात, आरशावर जंग धरत नाही. ३२० किंवा ४०० नंबरचा कागद पुरे.

द्रावण स्वतः करायचं का, असं सारखं विचारतात. जुने कारागीर नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडात लोखंड विरघळवून करत. त्यातून निघणारा तांबूस धूर फुप्फुसं जाळतो, घरी करू नका, तयार मिळतं ते आणा. व्हिनेगर, मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मीठ यांचा घरगुती मेळही चालतो, कुऱ्हाडीला मी वापरलाय. पण तो जंग राठ येतो आणि मिठातून पुन्हा क्लोराइड आलाच, म्हणजे गोड्या पाण्याची गरज दुप्पट. बनवलंच तर वाटीत, उघड्यावर, लागेल तेवढंच. बाटलीत बूच लावून ठेवलं तर वायू धरून बाटली फुटते.

शेवटच्या हातानंतर एक जास्तीची उकळी, ताज्या पाण्यात. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून, पुन्हा गोड्या पाण्याने धुऊन, गरम असतानाच तेल. शिलाई मशीनचं तेल चालतं. द्रावणाची खोड दोन-तीन दिवस जात नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी पुसून पुन्हा तेल लावायचं. औजारांना मी जवसाचं तेल लावतो, घरचीच जवस, वाळून पापुद्रा धरते. पण एक सावधगिरी. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. वाळताना ते तेल तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. आमच्या उन्हाळ्यात आणि शेजारी कडब्याची गंजी असताना तर बिलकुल नाही. चिंध्या तारेवर मोकळ्या वाळवायच्या किंवा पाण्यात बुडवून ठेवायच्या.

सारखे दिसणारे पण वेगळे डाग

ठिपके बोटाच्या आकाराचे असतील तर ते बोटाचेच, घाम. हातमोजे घाला, पण पावडरचे नकोत, पावडरही ठिपके सोडते. कडा आणि कोपरे पांढरे पडत असतील तर घासणी जास्त होतेय, स्टील वूल कोपऱ्यावरून फिरवू नका, कोपऱ्याला नुसतं टेकवा. एखादा भाग काही केल्या काळा होत नसेल आणि बाकीचं होतंय, तर तो भाग पाणी दिलेला, म्हणजे कडक केलेला असतो. अडकित्त्याच्या पात्याला हे हटकून होतं, मुठी काळ्या आणि पातं करडं. त्याला दोन हात जास्त द्यायचे. स्टेनलेसवर तर हा रंग चढतच नाही, त्याच्यावर दिवस घालवू नका.

घासताना उडणारी धूळ नाकात जाते. तोंडाला दुपट्टा बांधणं पुरेसं नाही, मास्क घ्या.

आता बंदुकीचं

भाच्याच्या घरी त्याच्या आजोबांच्या नावे पीक-संरक्षणाच्या परवान्याची भरमार, म्हणजे तोंडातून बार भरायची बंदूक, आहे. रानडुकरांनी हरभरा उलथवला की ती बाहेर निघते, आवाज होतो, डुकरं दुसऱ्याच्या वावरात जातात. तिची नळी लाल झालीय. अडकित्ता काळा झालेला पाहून त्याचा पहिला प्रश्न तोच, "मामा, भरमार बी करून टाकू ना आपण?"

मी नाही म्हटलं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्रं बनवणं, विकणं यासारखंच दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. नागपुरात तो मालकाचा होता, माझा नव्हता. गावात मी शेजाऱ्याची नळी काळी करायला बसलो तर उद्या पोलिसांपुढे मला "नुसता रंग दिला साहेब" म्हणत उभं राहावं लागेल. दुसरं, कलम ८ बंदुकीवरचं नाव, नंबर, खूण पुसायला किंवा बदलायला मनाई करतं. रस्ट ब्ल्यूच्या आधी घासणं आलंच, आणि जुन्या नळीवरचे आकडे आधीच उथळ असतात. नवख्या हाताच्या चार फेऱ्यांत नंबर गेला तर गुन्ह्याचा ठपका येऊ शकतो, मनात काही असो. तिसरं, भिंतीला टांगलेल्या भरमारीत जुना बार वर्षानुवर्षं तसाच बसलेला असू शकतो. अशी नळी चुलीवर ठेवायची कल्पनासुद्धा नको. परवान्याच्या दुकानात द्यावी, त्यांनी आधी ती रिकामी असल्याची खात्री करावी, मग पुढचं.

पण हा रंग बंदुकीच्या धंद्यातून आला, तर त्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. काळं करायची दुसरी झटपट रीत आहे, कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या कढत्या द्रावणात, सुमारे १४० अंशांवर. आधुनिक कारखाने बहुधा तीच वापरतात. दुनळीला मात्र ती चालत नाही. दुनळीच्या दोन नळ्यांमधली पट्टी पुष्कळदा कथील-शिशाने डाखलेली असते, आणि कढता कॉस्टिक ते डाख खाऊन टाकतो. पट्टी सुटली की दुनळी गेली. उकळतं पाणी १०० अंशांवर थांबतं, असलं डाख १८३ अंशांच्या आत वितळत नाही, आणि पाणी त्याला खातही नाही. म्हणून दुनळीला आजही हीच जुनी, आठवडा खाणारी रीत. ती कॉस्टिकची रीत घरी करायची तर विचारही करू नका, एक पाण्याचा थेंब पडला की ते अंगावर उडतं.

उस्ताद नळीची दोन्ही तोंडं लाकडी खुंट्यांनी बंद करायचे, आतला भाग जंगापासून वाचावा म्हणून. एकदा मी खुंटी जास्तच ठोकली. उकळताना आतली हवा फुगली, खुंटीच्या कडेने बुडबुडे निघाले, आणि बुडबुड्यांबरोबर नळीतलं तेल. सहा हातांचं काम तासाभरात डागाळलं. उस्तादांनी मला काही म्हटलं नाही, नुसता कागद हातात दिला, पहिल्यापासून घास म्हणून.

आधीच बिघडलेली वस्तू हातात असेल तर

ठिपके फक्त वरवर असतील, खड्डा नसेल, तर सगळं उतरवायची गरज नाही. तेल चुन्याने काढा, बॅटरीच्या ताज्या पाण्यात अर्धा तास उकळा, ते पाणी फेकून पुन्हा अर्धा तास. दुसऱ्या उकळीचं पाणी मीटरवर धरा, आकडा उकळण्याआधीच्या ताज्या पाण्याहून फारसा वाढला नसेल तर क्षार निघाले. मग घासून दोन हात चढवा. पेटीबाहेर दोन आठवडे विनातेलाची ठेवून पाहा, ठिपके फुटले नाहीत तरच तेल लावून फळीवर.

जिथून विटकरी जंग फुटलाय तिथे नखाने खरवडून बघा. नख अडकलं तर खड्डा पडलाय, वरून कितीही काळं केलं तरी आतला क्लोराइड राहणार. तेवढ्या भागाला कागद लावून तळ दिसेपर्यंत उतरवावंच लागतं. माझा तो पहिला अडकित्ता असाच तीनदा उतरवला. पातं आता इतकं पातळ झालंय की सुपारी कातरताना वाकतं, पण काळा मात्र झालाय, मुठीपासून टोकापर्यंत.

यंदा मृगाचे पाऊस झाल्यावर दोन ड्रम भरले. एकावर मी खडूने "लोखंड" लिहिलं. सौ.ने दुसऱ्यावर "वरण" लिहिलं. पोळा येईस्तोवर माझा ड्रम अर्ध्याच्या खाली गेला होता, आणि त्या दिवसांत मी फक्त एक पटाशी उकळली होती.